कागदावर नसलेल्या जखमा

पहिल्या महायुद्धातून घरी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकाला सैन्य एक कागद देत असे. पुढच्या बाजूला सन्मानाने सेवामुक्त केल्याचा दाखला आणि मागच्या बाजूला छापील रकाने. भरती कधी झाली, कोणत्या लढाईत होता, पदके कोणती, वर्तणूक कशी, सेवेत असताना जखमा झाल्या का. कारकून रकाने भरी, अधिकारी खाली सही करी, आणि सैनिक तो कागद घडी घालून खिशात ठेवून घराची वाट धरी. पुढे आयुष्यभर कुठल्याही सरकारी खिडकीपाशी तोच कागद त्याच्या वतीने बोलणार होता. जखमेच्या रकान्यात काही नसेल, तर सरकारच्या लेखी जखमही नसे.

न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी गावचा हेन्री जॉन्सन १९१९ साली असाच कागद घेऊन सैन्यातून बाहेर पडला. त्याच्या अंगावर एकवीस जखमा होत्या. डाव्या पायाचा चुराडा झाला होता आणि आत धातूची पट्टी बसवलेली होती. तो कसा जखमी झाला हे अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापले होते आणि खुद्द सरसेनापतींनी आपल्या अधिकृत पत्रकात त्याचे नाव घेतले होते. कागदावर मात्र जखमांचा उल्लेख नव्हता. युद्धात जखमी झालेल्यांना अमेरिका जे ‘पर्पल हार्ट’ पदक देते, ते त्याच्या नावे निघायला १९९६ साल उजाडले. तोवर त्याला जाऊन ६७ वर्षे झाली होती.

हेन्रीचा जन्म उत्तर कॅरोलिनातला, साधारण १८९२ सालचा. नक्की तारीख त्यालाही ठाऊक नसावी, कारण वेगवेगळ्या कागदांवर त्याने वेगवेगळ्या तारखा दिलेल्या आहेत. पोरवयातच तो उत्तरेला ऑल्बनीत आला. कधी कोळशाच्या वखारीत, कधी सोड्याच्या दुकानात, कधी मोटारीवर चालक, असे करत शेवटी ऑल्बनीच्या युनियन स्टेशनवर हमाल झाला. तिथल्या हमालांना लाल टोपी असे. उंची जेमतेम पाच फूट चार इंच, वजन साठ किलोच्या आतबाहेर. जून १९१७ मध्ये तो न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या पंधराव्या रेजिमेंटमध्ये दाखल झाला. ही रेजिमेंट कृष्णवर्णीयांची होती आणि हार्लेममध्ये उभी राहिली होती.

ती उभी राहण्यामागेही मोठा झगडा होता. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी वर्षानुवर्षे मागणी केली, तेव्हा कुठे १९१३ साली राज्याच्या कायदेमंडळाने मंजुरी दिली, आणि प्रत्यक्ष भरती सुरू व्हायला १९१६ चा उन्हाळा लागला. या दोन सालांपाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. १९१३ च्या जुलैत भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले आणि १९१६ च्या उन्हाळ्यात तिथून लंडनला गेले. विद्यापीठ आणि हार्लेम ही शेजारशेजारची वस्ती. सुभेदार रामजी सकपाळांचा हा मुलगा तिथे अर्थशास्त्र शिकत होता, त्या काळात त्याच्या महार समाजाला हिंदुस्थानी सैन्याची दारे बंद होती. ती उघडावीत म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली सरकारकडे अर्ज केला होता. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा, १९१७ साली, सरकारने १११ वी महार पलटण उभारली आणि युद्ध आटोपल्यावर १९२१ साली ती मोडलीही. हार्लेमची रेजिमेंट आणि महार पलटण यांचा एकमेकींशी प्रत्यक्ष संबंध काही नव्हता. पण गरज पडली की बंदूक हाती द्यायची आणि गरज सरली की माणसाला पुन्हा त्याच्या जागी पाठवायचे, ही रीत अमेरिकेला आणि हिंदुस्थानला सारखीच कळत होती.

पंधराव्या रेजिमेंटला पहिला अपमान घरीच सोसावा लागला. देशभरातल्या नॅशनल गार्डच्या तुकड्या मिळून ‘रेनबो डिव्हिजन’ बनली होती. न्यूयॉर्कमध्ये तिचे निरोपाचे संचलन निघणार होते आणि त्यात आपल्यालाही घ्यावे अशी पंधराव्या रेजिमेंटचे प्रमुख कर्नल विल्यम हेवर्ड यांची विनंती होती. काळा रंग इंद्रधनुष्यात नसतो, असे उत्तर त्यांना मिळाले. हेवर्ड गोरे होते. परत येताना आपल्या रेजिमेंटचे असे संचलन काढू की न्यूयॉर्कने तसे पाहिले नसेल, हे त्यांनी तेव्हाच मनाशी ठरवले. पुढे प्रशिक्षणासाठी रेजिमेंट दक्षिण कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गला गेली. तिथल्या गोऱ्या वस्तीशी इतक्या लवकर ठिणग्या उडू लागल्या की तिला थोड्याच दिवसांत तिथून हलवावे लागले.

१९१८ च्या सुरुवातीला ही माणसे फ्रान्समध्ये होती. लढायला आलेल्या या सैनिकांच्या हाती पहिल्यांदा फावडी आणि टिकाव आले. सँ नाझेर बंदरात रूळ टाकणे, माल उतरवणे, दलदल बुजवणे अशी कामे त्यांना दिली गेली. अमेरिकन सैन्यात कृष्णवर्णीय सैनिक बहुतकरून मजूर म्हणूनच वापरले जात. हेवर्ड सरसेनापती जॉन पर्शिंग यांच्याकडे सतत तगादा लावून होते. तिकडे चार वर्षांच्या युद्धाने पोखरलेल्या फ्रेंच सैन्याला माणसांची निकड होती, आणि आपल्या पलटणी दुसऱ्याच्या हुकमाखाली द्यायच्या नाहीत यावर पर्शिंग ठाम होते. काही कृष्णवर्णीय रेजिमेंटांसाठी मात्र त्यांनी अपवाद केला. पंधराव्या न्यूयॉर्कचे नाव बदलून ३६९ वी इन्फंट्री झाले आणि मार्चमध्ये ती फ्रेंचांच्या स्वाधीन झाली. अमेरिकन गणवेश अंगावर राहिला. बंदूक, शिरस्त्राण, पट्टा आणि शिधा फ्रेंच झाला. फ्रेंच सैनिकांनी त्यांना आपल्यातलेच मानले. ही गोष्ट अमेरिकन अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत इतकी सलली की ऑगस्टमध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांसाठी एक गुप्त सूचनापत्र निघाले. या काळ्या सैनिकांशी फार सलगी करू नका, गोऱ्या अमेरिकनांसमोर त्यांची फार स्तुती करू नका, असा त्यातला सल्ला होता. कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी ते पत्र मे १९१९ मध्ये आपल्या ‘द क्रायसिस’ मासिकात छापून चव्हाट्यावर आणले. याच ड्युबॉइसना १९४६ साली आंबेडकरांनी पत्र लिहिले होते.

कोणत्या सैन्याने लढायला नेले, कोणाच्या दवाखान्यात उपचार झाले आणि कोणाच्या दप्तरात नोंद व्हायची होती, हा गुंता इथून सुरू होतो. हेन्रीच्या जखमा फ्रेंच हद्दीतल्या होत्या आणि तो होता अमेरिकन.

१४ मे १९१८ ची रात्र. शाम्पान्य प्रांतात, आर्गोनच्या जंगलाच्या पश्चिम कडेला, खंदकांच्या पुढे एका चौकीवर दोघे पहाऱ्याला होते. एक हेन्री आणि दुसरा न्यू जर्सीच्या ट्रेंटन गावचा नीडहॅम रॉबर्ट्स, वय वर्षे सतरा. मध्यरात्र उलटून दोनच्या सुमारास काटेरी तारांच्या दिशेने बारीक आवाज येऊ लागला. तारा कापण्याची कात्री चालत होती. हेन्रीने हातबाँबची पेटी उघडून हाताशी ठेवली आणि रॉबर्ट्सला मागे खबर द्यायला सांगितले. पोरगा थोडा पुढे जाऊन परत फिरला, कारण सोबत्याला एकटे टाकून जाववेना. तेवढ्यात जर्मनांचे हातबाँब येऊन पडले. रॉबर्ट्सच्या हातात आणि कमरेत बाँबचे तुकडे घुसले आणि त्याला उठता येईना. मग तो पडल्या जागेवरून हेन्रीच्या हातात एकेक बाँब देत राहिला आणि हेन्री ते फेकत राहिला.

बाँब संपत आले तेव्हा हेन्रीने बंदूक उचलली. बंदूक फ्रेंच होती. घाईत त्याने तिच्यात अमेरिकन काडतुसांची पट्टी सरकवली आणि बंदूक अडकून बसली. इतिहासात असे तपशील क्वचित सापडतात. एका माणसाला दोन सैन्यांनी आपसात वाटून घेतल्याचा परिणाम त्या रात्री बंदुकीच्या घोड्यापाशी दिसला. तोवर शत्रू अंगावर आला होता. हेन्रीने बंदूक उलटी धरून दस्त्याने झोडायला सुरुवात केली आणि दस्ता फुटेपर्यंत तो थांबला नाही. डोक्यावर घाव बसून तो खाली पडला. डोळे उघडले तेव्हा जर्मन सैनिक रॉबर्ट्सला उचलून नेत होते. छाप्याचा हेतू तोच होता: जिवंत कैदी न्यायचा आणि त्याच्याकडून माहिती काढायची. हेन्रीपाशी आता उरला होता तो कोयत्यासारख्या जड पात्याचा ‘बोलो’ सुरा. तो घेऊन त्याने उडी घेतली. एकाचे डोके फुटले, एकाचे पोट फाटले. रॉबर्ट्स सुटला. खंदकातून कुमक येत असल्याची चाहूल लागताच जर्मन मागे फिरले आणि हेन्री त्यांच्यामागे शेवटचे बाँब फेकत राहिला. कुमक पोहोचली तेव्हा तो बेशुद्ध पडला.

उजाडल्यावर त्याच्या बटालियनचे अधिकारी आर्थर लिटल यांनी ती जागा पाहिली. चिखलात रक्ताचे ओघळ, मागे टाकलेल्या कात्र्या, पिस्तुले, टोप्या, न फुटलेले बाँब. ते मोजून त्यांनी अंदाज बांधला की दोन डझनांच्या आसपास माणसे चालून आली असावीत. हेन्रीने त्यांपैकी चौघांना मारल्याचे आणि कितीतरी जणांना जखमी केल्याचे ठरले. नेमके त्याच सुमारास अमेरिकन वार्ताहर त्या भागात आले होते, त्यांत अर्विन कॉब हा त्या काळी गाजलेला लेखकही होता. त्यांनी जागा पाहिली, माणसांशी बोलले आणि तारा पाठवल्या. ‘हेन्री जॉन्सनची लढाई’ या नावाने ती हकिकत अमेरिकाभर पसरली. पर्शिंग यांच्या २० मेच्या पत्रकात दोघांची नावे आली. फ्रेंच सैन्याने दोघांना ‘क्रवा द गेर’ दिले, हेन्रीच्या पदकाला सोनेरी ताडपत्राचा जास्तीचा मान होता. हे पदक मिळवणाऱ्या पहिल्या अमेरिकन सैनिकांत या दोघांची गणना होते.

अमेरिकन सैन्याने त्यांना काहीच दिले नाही.

जाणूनबुजून केलेला द्वेष हे याचे सोपे उत्तर आहे आणि ते खोटे नाही. पहिल्या महायुद्धात एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला त्या वेळी ‘मेडल ऑफ ऑनर’, म्हणजे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक, मिळाले नाही. १८८ क्रमांकाच्या टेकडीवर सप्टेंबर १९१८ मध्ये पडलेल्या फ्रेडी स्टॉवर्सची शिफारस झाली होती, पण त्याच्या नावे पदक निघाले ते १९९१ साली. तरीही एवढ्यावर थांबले तर कागदाची गोष्ट सुटते. पदकाचे एक यंत्र असते. लढाईनंतर वरिष्ठ अधिकारी शिफारस लिहितो, साक्षीदार सह्या करतात, ब्रिगेड, डिव्हिजन, सरसेनापती अशा पायऱ्या चढत कागद वर जातो. ३६९ वी रेजिमेंट फ्रेंचांच्या हाताखाली असल्याने तिच्यावर अमेरिकन ब्रिगेड नव्हती, अमेरिकन डिव्हिजन नव्हती. फ्रेंच पायऱ्या होत्या आणि त्या चढून फ्रेंच पदक आले. अमेरिकन पायऱ्याच नव्हत्या आणि त्या बांधाव्यात असे कोणाला वाटले नाही. द्वेषाला दर वेळी हुकूम काढावा लागत नाही. एखादी गोष्ट लिहायची राहून गेली तरी त्याचे काम होते.

१७ फेब्रुवारी १९१९. हेवर्ड यांनी मनाशी ठरवलेले संचलन निघाले. ३६९ वी रेजिमेंट एकूण १९१ दिवस आघाडीवर राहिली होती, एवढे दिवस दुसरी कोणतीही अमेरिकन रेजिमेंट राहिली नव्हती. तिचे सुमारे १,५०० जण मारले गेले किंवा जखमी झाले होते. फिफ्थ अव्हेन्यूवरून फ्रेंच पद्धतीच्या दाट रांगांत, खांद्याला खांदा लावून, जेम्स रीस युरोप यांच्या बँडमागे ही माणसे हार्लेमकडे चालत निघाली. हेन्रीला चालता येत नव्हते. तो उघड्या मोटारीत उभा होता आणि हातात लाल लिलीची फुले होती. रस्त्याच्या दुतर्फा गर्दी त्याचे नाव घेऊन ओरडत होती. त्याला सार्जंट करण्यात आले. सैन्याने भरतीच्या प्रचारात त्याचे नाव वापरले आणि युद्धबचतीची तिकिटे विकणाऱ्या जाहिरातींतही वापरले. ज्या सरकारच्या भिंतींवर त्याचे शौर्य डकवलेले होते, त्याच सरकारने दिलेल्या दाखल्यावर त्याची जखम नव्हती. मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत जास्त बोचते ते हेच. त्याच्या जखमा कोणाला माहीत नव्हत्या असे कधीच झाले नाही.

व्याख्यानांसाठी त्याला बोलावणी येऊ लागली. लोकांना हसतमुख, राष्ट्रभक्त वीर हवा होता. मार्च १९१९ मध्ये सेंट लुइसला तो वेगळेच बोलला. गोऱ्या सैनिकांनी काळ्यांबरोबर खंदकात राहायला कसा नकार दिला, काळ्यांना कशी वागणूक मिळाली, हे त्याने भरसभेत सांगितले. वर्तमानपत्रे खवळली. ठरलेल्या मुदतीनंतरही गणवेश घालतो या आरोपावरून त्याच्यावर वॉरंट निघाले. त्यानंतर त्याची व्याख्याने थांबली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत कृष्णवर्णीयांवर जमाव चालून गेले, आणि युद्धावरून परतलेले सैनिकही त्यांच्या तावडीतून सुटले नाहीत.

पुढची दहा वर्षे अंधुक आहेत. हेन्री स्टेशनवरच्या कामावर परत गेला, पण तसल्या पायाने सामान उचलणे कठीण होते. संसार मोडला. दारू आणि दारिद्र्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. सैन्याने त्याला छदामही दिला नाही आणि तो बेवारस मेला, असे पुढे अनेक वर्षे लिहिले गेले. पुढच्या संशोधनाने हे चित्र बदलले. १९२७ साली क्षयरोगामुळे त्याला कायमचा आणि पूर्ण अपंग ठरवण्यात आले होते आणि त्याला महिन्याचे वेतन मिळत होते, अशा नोंदी माजी सैनिकांच्या खात्याच्या दप्तरात सापडल्या. ही दुरुस्ती महत्त्वाची आहे. सरकारने अन्याय केला हे सांगण्यासाठी अन्याय फुगवून सांगावा लागत नाही. आणि याच नोंदींतून एक गोष्ट पुन्हा ठळक होते: वेतन मिळाले ते क्षयासाठी. दप्तराला रोग दिसला, लढाईतल्या जखमा दिसल्या नाहीत.

१९२८ साली थिओडोर रूझवेल्ट धाकटे यांनी महायुद्धातल्या सैनिकांवर पुस्तक लिहिले आणि त्यात हेन्रीला त्या युद्धातल्या सर्वांत शूर पाच अमेरिकनांत बसवले. पुढच्याच वर्षी, जुलै १९२९ मध्ये, वॉशिंग्टनला हेन्रीचा मृत्यू झाला. वय चाळिशीच्याही आत.

आता ‘पर्पल हार्ट’विषयी. हेन्रीला पर्पल हार्ट नाकारले गेले, असे वाक्य त्याच्याविषयीच्या जवळजवळ प्रत्येक लेखात सापडते. पण तो हयात असताना हे पदक अस्तित्वातच नव्हते. मुळात ते जॉर्ज वॉशिंग्टन यांचे. ७ ऑगस्ट १७८२ रोजी न्यूबर्गच्या छावणीतून त्यांनी साध्या शिपायांसाठी जांभळ्या कापडाच्या हृदयाकृती चिन्हाची आज्ञा काढली. ते मिळवलेले तिघेच जण इतिहासाला ठाऊक आहेत. नंतर ते दीडशे वर्षे विस्मृतीत गेले. वॉशिंग्टन यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, २२ फेब्रुवारी १९३२ रोजी, तेव्हाचे लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी ते पुन्हा सुरू केले. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्यांना तोवर गणवेशाच्या उजव्या बाहीवर सोनेरी पट्टी लावता येत असे, एवढीच त्यांची ओळख होती. आता त्यांना पदकासाठी अर्ज करण्याची मुभा मिळाली. सैन्य आपण होऊन पदक घरी पाठवणार नव्हते. सैनिकाने मागायचे होते आणि मागताना जखमेचा पुरावा द्यायचा होता. हजारो जणांनी मागितले. जो मागू शकला असता त्या हेन्रीला जाऊन तेव्हा अडीच वर्षे झाली होती.

उशिरा पदक मागणाऱ्या प्रत्येक जखमी सैनिकाची गाठ या पुराव्याशी पडते. घोट्यात तुकडा असतो, क्ष-किरण चित्रात तो दिसतो, पण तो शत्रूच्या गोळ्याचाच आहे हे कोणी लिहून ठेवले होते? इस्पितळाचा कागद, कंपनीचा रोजचा अहवाल, सोबत्याची साक्ष, यांतले काहीतरी लागते. सोबती मरतात, इस्पितळे बंद होतात, कागद जळतात. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइसजवळच्या राष्ट्रीय सैनिक दप्तरखान्याला आग लागली आणि एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फायली खाक झाल्या. १९१२ ते १९६० या काळात सैन्यातून सुटलेल्यांच्या दर शंभरांतल्या ऐंशी फायली त्यात गेल्या. त्यांच्या नकला कुठेच नव्हत्या. दोन महायुद्धे आणि कोरिया इथे लढलेल्या लाखो माणसांच्या जखमांचा सरकारी पुरावा त्या आगीत संपला. त्यानंतर म्हाताऱ्या सैनिकांना जुनी पत्रे, वेतनाच्या पावत्या, गावच्या वर्तमानपत्रांची कात्रणे गोळा करून स्वतःची फाईल नव्याने उभी करावी लागली.

हेन्रीची फाईल उभी केली ती इतरांनी. ऑल्बनीत त्याची आठवण जिवंत होती. व्हिएतनाममध्ये लढून आलेले तिथले काही माजी सैनिक हा विषय हाती घेऊन बसले आणि त्यांनी तो सोडला नाही. १९९१ साली ऑल्बनीच्या वॉशिंग्टन पार्कमध्ये त्याचे स्मारक उभे राहिले आणि एका रस्त्याला त्याचे नाव मिळाले. लोकप्रतिनिधींकडे अर्ज गेले. मग १९९६ साली राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या कारकिर्दीत पर्पल हार्ट मिळाले. २००२ साली ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ हे दुसऱ्या क्रमांकाचे शौर्यपदक मिळाले. सर्वोच्च पदक मात्र नाकारले गेले. त्या वेळच्या वरिष्ठांची लेखी शिफारस आणि प्रत्यक्षदर्शीची साक्ष नाही, हे कारण होते. चौकीवर दोनच माणसे होती, दोघेही केव्हाच मेले होते.

याच काळात दोन गोष्टी उघडकीस आल्या, आणि दोन्ही दप्तरातून. हेन्रीला ऑल्बनीत कुठेतरी गरिबांच्या थडग्यात पुरले असे सगळे समजत होते. न्यूयॉर्कच्या सैनिकी खात्याने शोध घेतला तेव्हा तो आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत, पूर्ण लष्करी मानाने पुरलेला सापडला. ६ जुलै १९२९ ची नोंद होती. नाव होते विल्यम हेन्री जॉन्सन, त्याचे पूर्ण नाव. सत्तर वर्षे तो देशातल्या सर्वांत सन्मानाच्या जागी होता आणि देशाला ते माहीत नव्हते.

दुसरी गोष्ट जास्त दुखरी. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असलेले एक गृहस्थ स्वतःला हेन्रीचा मुलगा मानत. वडिलांना न्याय मिळावा म्हणून त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे घातली आणि दुसऱ्या क्रमांकाचे पदक त्यांच्याच हाती सोपवले गेले. त्यांच्या मृत्यूनंतर, सर्वोच्च पदकासाठी वंशावळ तपासताना, रक्ताचे नाते नसल्याचे सैन्याला आढळले. मला यात त्या माणसाचे काही उणे वाटत नाही. त्याने प्रामाणिकपणे एका वीराला बाप मानले आणि मुलाने करावे ते सर्व केले.

मोठा अडसर पुराव्याचाच होता. न्यूयॉर्कचे सिनेटर चक शूमर यांच्या कचेरीने पुन्हा दप्तरे धुंडाळली आणि पर्शिंग यांचे मे १९१८ चे पत्रक समोर आणले. लढाईनंतर अवघ्या काही दिवसांत खुद्द सरसेनापतींनी केलेला उल्लेख! शिफारशीची जी पायरी नाही म्हणून अर्ज अडला होता, तिच्याही वरची पायरी इतकी वर्षे कागदांत पडून होती. पदकाची कायदेशीर मुदत कधीच उलटली होती, त्यासाठी काँग्रेसने डिसेंबर २०१४ मध्ये खास सवलत दिली. २ जून २०१५ रोजी व्हाइट हाउसमध्ये बराक ओबामा यांनी दोन सैनिकांना मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर दिले. एक हेन्री, दुसरे विल्यम शेमिन. शेमिन ज्यू होते, १९१८ च्या ऑगस्टमध्ये गोळीबारातून जखमी सोबत्यांना ओढून आणताना स्वतः जखमी झाले होते. त्यांचे पदक घ्यायला त्यांच्या मुली होत्या. त्यांपैकी एकीने त्यासाठी बरीच वर्षे झुंज दिली होती. हेन्रीचे पदक घ्यायला घरचे कोणी नव्हते. न्यूयॉर्क नॅशनल गार्डचे कमांड सार्जंट मेजर लुइस विल्सन पुढे झाले. ज्या गार्डमध्ये हेन्री ९८ वर्षांपूर्वी भरती झाला होता, त्याच गार्डचा एक कृष्णवर्णीय सैनिक.

२०२३ च्या जूनमध्ये लुइझियाना राज्यातल्या ‘फोर्ट पोक’ या मोठ्या लष्करी तळाला हेन्रीचे नाव देण्यात आले. आधीचे नाव गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या एका सेनापतीचे होते. दोन वर्षांनी, २०२५ मध्ये, तळाचे नाव पुन्हा फोर्ट पोक झाले. या वेळी ते दुसऱ्या महायुद्धातल्या एका वेगळ्या पोक यांच्या नावे असल्याचे सांगण्यात आले. या बदलाने हेन्रीच्या शौर्याविषयी कोणाला काही शंका होती असे नाही. ती १९१८ सालीही नव्हती.

आणि नीडहॅम रॉबर्ट्स? उठता येत नसताना जो पडल्या जागेवरून बाँब पुरवत होता, तो पोरगा १९४९ पर्यंत जगला. १९३३ साली त्याने त्या रात्रीची हकिकत एका छोट्या पुस्तिकेत छापली. हेन्रीने स्वतःच्या हाताने लिहिलेले असे काही मागे ठेवलेले नाही, त्यामुळे खंदकाच्या आतून लिहिलेली साक्ष असेल तर ती रॉबर्ट्सची. हेन्रीला सर्वोच्च पदक मिळाले तेव्हा सगळ्यांनी त्या रात्रीची गोष्ट पुन्हा सांगितली आणि प्रत्येक सांगण्यात रॉबर्ट्स येतो, जखमी होतो, वाचवला जातो. ट्रेंटनमध्ये त्याच्या नावाची एक बाग आहे.